इगोर स्टिमॅच: एका बचावपटूचा स्प्लिट ते दोहा प्रवास

भारतीय वृत्तपत्रांनी ज्यांचे नाव पाच वर्षे ‘स्टिमॅच’ असे छापले, त्या क्रोएशियन प्रशिक्षकांच्या आडनावातले शेवटचे अक्षर त्यांच्या भाषेत ‘त्स’सारखे उच्चारले जाते. हिंदी किंवा इंग्रजी वाचकाला ते जड जाते, पण मराठी माणसाला अवघड वाटू नये, कारण आपल्या ‘चूल’ आणि ‘चोर’ या शब्दांतला ‘च’ जवळपास तसाच आहे. रूढ झालेले ‘स्टिमॅच’ हे रूप या लेखात कायम ठेवले आहे. मात्र या गृहस्थांचा गोंधळ नावापुरता नाही. जुलै २०२३ मध्ये भारतीय फुटबॉलला चांगले दिवस दाखवणारे प्रशिक्षक म्हणून त्यांचे कौतुक होत होते आणि जून २०२४ मध्ये त्यांना पदावरून काढून टाकण्यात आले. अकरा महिन्यांत माणूस एवढा बदलत नाही. मग बदलले काय, हे समजण्यासाठी त्यांची कारकीर्द आधी खेळाडू म्हणून आणि नंतर प्रशिक्षक म्हणून पाहावी लागते, आणि राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाच्या हातात नेमके किती असते हेही समजून घ्यावे लागते.

स्टिमॅच यांचा जन्म ६ सप्टेंबर १९६७ रोजी मेत्कोविच या गावी झाला. हे गाव आज क्रोएशियात आहे. त्या वेळी क्रोएशिया युगोस्लाव्हिया या संघराज्यातला एक भाग होता. अॅड्रियाटिक समुद्राकाठच्या स्प्लिट शहरातील हायडुक या क्लबच्या तालमीत ते घडले. १९८७ मध्ये चिली येथे झालेल्या युवा विश्वचषकात युगोस्लाव्हियाने अंतिम फेरीत पश्चिम जर्मनीला पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवले. त्या संघात स्टिमॅच यांच्यासोबत झ्वोनिमिर बोबान, रॉबर्ट प्रोसिनेच्की, दावोर शूकेर आणि रॉबर्ट यार्नी होते. अकरा वर्षांनी फ्रान्समध्ये क्रोएशियाला विश्वचषकात तिसरे स्थान मिळवून देणाऱ्या संघाचा कणा म्हणजे हीच मुले. ही गोष्ट मुद्दाम सांगितली, कारण पुढे भारतात स्टिमॅच यांना जे मिळाले नाही ते हेच: विशीच्या आत जागतिक दर्जाचे सामने खेळलेली आणि एकत्र वाढलेली एक पिढी.

युगोस्लाव्हिया फुटण्याच्या काळात फुटबॉलचे मैदान राजकारणापासून अलिप्त राहणे शक्यच नव्हते. २ मे १९९१ रोजी बोरोवो सेलो या गावात सर्ब सशस्त्र गटांच्या हल्ल्यात बारा क्रोएशियन पोलीस मारले गेले आणि त्यानंतर सहाच दिवसांनी, ८ मे रोजी, सर्बियाची राजधानी बेलग्रेडमध्ये युगोस्लाव्ह चषकाचा अंतिम सामना खेळवला गेला. एका बाजूला स्प्लिटचा हायडुक होता, तर दुसऱ्या बाजूला बेलग्रेडचा रेड स्टार. हा रेड स्टार त्याच महिन्याच्या अखेरीस युरोपियन चषक जिंकणार होता. आलेन बोक्शिच यांच्या एकमेव गोलवर हायडुक जिंकला. त्याच सामन्यात रेड स्टारचे सिनिशा मिहायलोविच, जे बोरोवोचेच होते, आणि स्टिमॅच यांच्यात जोराचा वाद होऊन दोघांनाही मैदानाबाहेर काढण्यात आले. त्या क्षणी कोण काय बोलले याबाबत दोघांची कथने कधीच जुळली नाहीत. हायडुकने चषक स्प्लिटला नेला आणि तो परत बेलग्रेडला गेला नाही, कारण पुढच्या स्पर्धेपर्यंत क्रोएशियन क्लब त्या संघटनेत उरलेच नव्हते.

स्पेनमधील कादिस या क्लबमध्ये दोन हंगाम काढून स्टिमॅच हायडुकला परतले. १९९४-९५ च्या हंगामात हायडुकने क्रोएशियन लीग आणि चषक दोन्ही जिंकले आणि चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत मजल मारली. तिथे नेदरलँड्सच्या आयाक्सने त्यांना रोखले, आणि पुढे विजेतेपदही आयाक्सनेच मिळवले. १९९५ च्या शरदात इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीतील डार्बी काउंटी या क्लबने स्टिमॅच यांना घेतले. पदार्पण विचित्र झाले: स्टिमॅच यांनी स्वतः गोल केला, पण ट्रॅनमेअरविरुद्ध डार्बी ५-१ असा हरला. त्यानंतर मात्र हा संघ सलग वीस लीग सामने हरला नाही आणि हंगामाअखेर प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. वीस सामन्यांचे श्रेय एका बचावपटूला देणे अतिशयोक्तीचे होईल, तरी डार्बीचे जुने चाहते आजही त्या वळणाचा संबंध त्यांच्या आगमनाशी जोडतात. पुढे १९९९ ते २००१ ते लंडनच्या वेस्ट हॅममध्ये होते आणि शेवटी हायडुकमध्ये परत येऊन त्यांनी खेळणे थांबवले.

क्रोएशियासाठी ते ५३ सामने खेळले. स्वतंत्र क्रोएशियाची पहिली मोठी स्पर्धा म्हणजे १९९६ चा युरो चषक. त्यात उपांत्यपूर्व फेरीत जर्मनीविरुद्ध १-१ अशी बरोबरी असताना ५६ व्या मिनिटाला स्टिमॅच यांना बाहेर जावे लागले आणि तीनच मिनिटांनी मॅथियास झामर यांनी जर्मनीचा विजयी गोल केला. दोन वर्षांनी फ्रान्समधील विश्वचषकात क्रोएशियाने त्याच जर्मनीला त्याच फेरीत ३-० असे धुऊन काढले. प्रशिक्षक मिरोस्लाव ब्लाझेविच यांनी गोलरक्षकापुढे तीन मध्यवर्ती बचावपटू ठेवले होते आणि त्यांपैकी एक जागा स्टिमॅच यांची होती. या रचनेत दोन्ही कडांचे खेळाडू हल्ल्यासाठी पुढे निघून जातात, त्यामुळे मागे उरलेल्या तिघांना सतत एकमेकांना हाका मारत, जागा बदलत, संकट येण्याआधीच ओळखत खेळावे लागते. त्यात वेगाइतकीच जरब आणि जीभ लागते. स्टिमॅच यांच्याकडे या दोन्ही गोष्टी भरपूर होत्या, कधी कधी गरजेपेक्षा जास्तच. उपांत्य फेरीत यजमान फ्रान्सकडून २-१ असा पराभव झाला, पण तिसऱ्या स्थानासाठीच्या सामन्यात नेदरलँड्सला त्याच फरकाने हरवून सुमारे पंचेचाळीस लाख वस्तीच्या या नव्या देशाने कांस्यपदक मिळवले.

निवृत्तीनंतर ते हायडुकचे क्रीडा संचालक झाले, मग काही काळ हायडुक, चिबालिया आणि झाग्रेब या क्लबांचे प्रशिक्षक राहिले. या टप्प्यात फार रेंगाळण्यासारखे काही नाही. जुलै २०१२ मध्ये मात्र, स्लावेन बिलिच यांच्यानंतर, त्यांना थेट राष्ट्रीय संघ मिळाला आणि तिथे जे घडले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. २०१४ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत क्रोएशियाच्या गटात बेल्जियम, सर्बिया, स्कॉटलंड, वेल्स आणि मॅसेडोनिया होते. पहिल्या सहा सामन्यांत पाच विजय आणि एक बरोबरी, म्हणजे शक्य असलेल्या १८ पैकी १६ गुण. त्यातला मार्च २०१३ मधला झाग्रेबचा सामना सर्बियाविरुद्ध होता, आणि सर्बियाचे प्रशिक्षक होते मिहायलोविच. बेलग्रेडच्या त्या रात्रीला बावीस वर्षे होत आली होती. दोघांनी हस्तांदोलन केले आणि क्रोएशियाने सामना २-० असा जिंकला. त्यानंतरच्या चार सामन्यांत मात्र स्कॉटलंडकडून दोनदा आणि बेल्जियमकडून एकदा पराभव झाला, सर्बियाशी बरोबरी झाली, आणि १२ पैकी फक्त १ गुण पदरात पडला. तरीही संघ गटात दुसरा राहिला आणि प्ले-ऑफला पात्र ठरला. तो प्ले-ऑफ स्टिमॅच यांच्या नशिबी नव्हता. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्यांना हटवून निको कोवाच यांना आणले गेले आणि कोवाच यांच्या संघाने आइसलँडला हरवून ब्राझीलचे तिकीट मिळवले.

सोळा गुण आणि मग एक गुण. हा आलेख लक्षात ठेवावा, कारण भारतात तो जवळपास तसाच पुन्हा उमटला.

इराणमधील सेपाहान आणि कतारमधील अल शहानिया या क्लबांनंतर मे २०१९ मध्ये स्टिमॅच भारताचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या आधीचे स्टीफन कॉन्स्टंटाईन यांच्या काळात संघ चिवट बचाव करायचा आणि चेंडू लांबवर पुढे फेकायचा. स्टिमॅच यांना गोलरक्षकापासून पास देत देत खेळ उभारणारा संघ हवा होता आणि त्यांनी नव्या खेळाडूंना मोकळ्या हाताने संधी दिली. सुरुवातीच्या महिन्यांत त्याची किंमत मोजावी लागली: थायलंडमध्ये क्युरासाओकडून ३-१ असा पराभव, अहमदाबादमध्ये ताजिकिस्तानविरुद्ध २-० अशा आघाडीनंतर ४-२ असा पराभव. पण १० सप्टेंबर २०१९ रोजी दोहामध्ये, आजारी सुनील छेत्रीविना, भारताने आशियाई विजेत्या कतारला गोलशून्य बरोबरीत रोखले. कर्णधार आणि गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू त्या रात्री भिंतीसारखा उभा होता. त्याच्यापुढच्या बचावफळीत मुंबईचा राहुल भेके आणि पंजाबी संदेश झिंगन यांच्यासह गोव्याचे आदिल खान आणि मंदार राव देसाई होते, तर मधल्या फळीत गोव्याचाच रोलिन बोर्जेस. आपल्या भागातल्या वाचकाने हा सामना आठवणीत ठेवावा, यासाठी याहून वेगळे कारण नको.

या चांगल्या रात्रीतच एक कच्चा दुवाही दिसत होता. भारताने गोल खाल्ला नाही, पण केलाही नाही. त्या पात्रता फेरीत भारत गटात तिसरा आला. पुढे कोविडमुळे शिबिरे आणि सामने थांबले, मार्च २०२१ मध्ये संयुक्त अरब अमिरातीकडून ६-० असा लाजिरवाणा पराभव झाला, त्याच वर्षी मालदीवमध्ये सॅफ चषक, म्हणजे दक्षिण आशियाई देशांची स्पर्धा, जिंकला, आणि जून २०२२ मध्ये कोलकात्यात कंबोडिया, अफगाणिस्तान व हाँगकाँग या तिघांनाही हरवून संघ आशियाई चषकासाठी पात्र ठरला.

आता राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या कामाचे स्वरूप पाहू. क्लबचा प्रशिक्षक जवळपास रोज खेळाडूंसोबत असतो. हवा तो खेळाडू क्लबकडून विकत घेववतो, चुकलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्त करतो. राष्ट्रीय प्रशिक्षकाकडे खेळाडू उसने येतात. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी फिफा वर्षात काही तारखा राखून ठेवते आणि तेवढ्याच दिवसांसाठी क्लबांना खेळाडू सोडणे बंधनकारक असते. शिबिर आठवडाभर लांबवायचे तर क्लबांच्या मिनतवाऱ्या कराव्या लागतात. २०२३ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत हा प्रश्न अगदी उघडा पडला. आधी क्रीडा मंत्रालयाच्या निकषात संघ बसत नव्हता, कारण आशियात पहिल्या आठांत असलेल्या संघांनाच पाठवायचे असा नियम होता. स्टिमॅच यांनी थेट पंतप्रधानांना जाहीर विनंती केली आणि निकष शिथिल झाला. पण ही स्पर्धा फिफाच्या राखीव तारखांत बसत नव्हती आणि त्याच सुमारास इंडियन सुपर लीग सुरू होत होती, त्यामुळे क्लबांनी आपले प्रमुख खेळाडू सोडले नाहीत. घाईघाईने जमवलेला संघ हांगझोऊला पोहोचून जवळजवळ विश्रांतीविना मैदानात उतरला आणि चीनकडून ५-१ असा हरला.

दुसरी मर्यादा आघाडीवीरांची. भारतीय लीगमध्ये प्रत्येक संघाला एकावेळी चार परदेशी खेळाडू मैदानावर उतरवता येत होते, आणि चांगला परदेशी खेळाडू मिळाला की क्लब त्याला बहुधा गोल करण्याच्या जागीच ठेवतो, कारण सामने तिथे जिंकले जातात. परिणामी भारतीय आघाडीवीर कडेला सरकतो नाहीतर बाकावर बसतो. गोल करण्याची सवय सरावाच्या मैदानावर लागत नाही. ती सामन्यांच्या दबावाखालीच लागते. म्हणून छेत्री चाळिशीकडे झुकला तरी त्याची जागा घेणारा दिसत नव्हता. यावर स्टिमॅच यांनी वारंवार सुचवलेला उपाय म्हणजे परदेशात वाढलेले भारतीय वंशाचे खेळाडू. क्रोएशियासाठी ही नवलाची गोष्ट नाही: इवान राकितिच स्वित्झर्लंडमध्ये जन्मला, निको आणि रॉबर्ट कोवाच हे भाऊ बर्लिनमध्ये. क्युरासाओच्या संघातही बहुतेक खेळाडू नेदरलँड्समध्ये तयार झालेले. पण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, आणि भारतीय पासपोर्ट नसलेल्याला देशाकडून खेळता येत नाही. परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाने व्हिसाची कटकट मिटते, निळी जर्सी मिळत नाही. स्टिमॅच यांची मागणी फुटबॉलच्या दृष्टीने रास्त होती, पण तिचे उत्तर फुटबॉल महासंघाच्या हातातच नव्हते. नियम बदलेल अशी आशा वर्षानुवर्षे बोलून दाखवण्यापेक्षा आहे त्या आघाडीवीरांवर अधिक मेहनत घेतली असती तर बरे झाले असते, असे मला वाटते.

या सगळ्या पार्श्वभूमीवर २०२३ चा पहिला अर्धा भाग अधिकच उठून दिसतो. मार्च ते जुलै या काळात इंफाळ, भुवनेश्वर आणि बंगळुरू येथे भारत अकरा सामने खेळला आणि एकही हरला नाही. या अकरा सामन्यांत संघाने फक्त दोन गोल खाल्ले. तिरंगी स्पर्धा, इंटरकॉन्टिनेंटल चषक आणि सॅफ चषक असे तीन करंडक हाती आले आणि जागतिक क्रमवारीत भारत ९९ व्या स्थानी पोहोचला. इथे जुना बचावपटू प्रशिक्षकाच्या रूपाने पुरेपूर दिसतो: नीट बांधलेली मागची फळी, एकमेकांसाठी धावणारे खेळाडू, आणि रेषेबाहेर उभे राहूनही सामना आपणच खेळतो आहोत अशा आवेशातला माणूस. सॅफ स्पर्धेत पाकिस्तानविरुद्ध त्यांनी थ्रो-इन घेणाऱ्या खेळाडूच्या हातातला चेंडूच काढून घेतला आणि लाल कार्ड ओढवून घेतले. एका सामन्याच्या अंतराने कुवेतविरुद्ध पुन्हा तेच कार्ड. प्रेक्षकांना हा आवेश आवडला. संघाला मात्र उपांत्य फेरीत आणि अंतिम सामन्यात आपला मुख्य प्रशिक्षक रेषेवर मिळाला नाही. दोन्ही सामने पेनल्टीवर जिंकले म्हणून ते खपून गेले.

या यशातली एक बाब तेव्हा उत्साहाच्या भरात मागे पडली. अकराही सामने मायदेशात होते आणि प्रतिस्पर्धी साधारण भारताच्या बरोबरीचे किंवा खालचे होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये मनवीर सिंगच्या गोलवर कुवेतला कुवेतमध्येच १-० असे हरवले, तेव्हा आशा आणखी वाढल्या. मग जानेवारी २०२४ मध्ये कतारमधील आशियाई चषकात ऑस्ट्रेलियाने २-०, उझबेकिस्तानने ३-० आणि सीरियाने १-० असे हरवले. तीन सामन्यांत भारताचा एकही गोल नाही.

२०२६ च्या विश्वचषकात ४८ संघ खेळणार असल्याने आशियाच्या थेट जागा चारवरून आठवर गेल्या होत्या आणि पात्रतेच्या दुसऱ्या फेरीत प्रत्येक गटातले पहिले दोन संघ पुढे जाणार होते. कतार, कुवेत आणि अफगाणिस्तान यांच्या गटात दुसरे स्थान भारताच्या आवाक्यात होते. स्टिमॅच यांनी तर तिसरी फेरी गाठली नाही तर पद सोडीन असे स्वतःच जाहीर केले होते. मार्चमध्ये सौदी अरेबियात अफगाणिस्तानशी गोलशून्य बरोबरी झाली आणि पाच दिवसांनी गुवाहाटीत, छेत्रीच्या दीडशेव्या सामन्यात, त्याच्या पेनल्टीवर आघाडी घेऊनही भारत २-१ असा हरला. माझ्या मते भारताची पात्रता पुढे दोहात झालेल्या शेवटच्या सामन्यात नव्हे तर इथेच गेली. ६ जून रोजी कोलकात्यात कुवेतविरुद्ध छेत्रीचा निरोपाचा सामनाही ०-० असा सुटला.

तरीही ११ जूनच्या दोहातील सामन्यात आशा शिल्लक होती. कतार आधीच पात्र ठरल्याने त्यांनी तरुण खेळाडूंचा संघ उतरवला होता. ३७ व्या मिनिटाला लालियानझुआला छांगटेने गोल केला आणि ७३ व्या मिनिटापर्यंत भारत तिसऱ्या फेरीत होता. मग कतारच्या हल्ल्यात गुरप्रीतने अडवलेला चेंडू गोलखांबाच्या बाजूने मैदानाच्या शेवटच्या रेषेपलीकडे गेलेला असताना एका कतारी खेळाडूने तो मागे ओढला आणि यूसुफ अयमनने जाळ्यात ढकलला. नियम असा की चेंडू पूर्णपणे रेषेपलीकडे गेला की खेळ थांबतो. भारतीय खेळाडू थांबले, पंचांनी मात्र गोल दिला, आणि या फेरीत व्हिडिओ पंचांची सोय नव्हती. शेवटच्या मिनिटांत कतारने आणखी एक गोल केला, तिकडे कुवेतने अफगाणिस्तानला हरवले आणि भारत ५ गुणांसह तिसरा राहिला. अन्याय झाला हे खरे. पण त्या वर्षी स्टिमॅच यांच्या संघाने सात सामन्यांत केलेले दोन गोल, त्यातला एक पेनल्टीवरचा, आणि शून्य विजय हेही तितकेच खरे आहे.

१७ जून रोजी महासंघाने त्यांना काढले. ऑक्टोबर २०२३ मध्येच करार २०२६ पर्यंत वाढवलेला असल्याने भरपाईचा वाद उभा राहिला. स्टिमॅच यांनी पत्रकार परिषद घेऊन महासंघाच्या कारभारावर कडाडून टीका केली आणि शेवटी चार लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले गेले. त्यांच्या जागी एफसी गोवाचे स्पॅनिश प्रशिक्षक मानोलो मार्केझ आले, तेही एक हंगाम गोव्याची जबाबदारी सांभाळतच. २०२४ च्या उरलेल्या चार सामन्यांत मार्केझ यांनाही एकही विजय मिळाला नाही. तो मिळाला १९ मार्च २०२५ रोजी शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध. पहिला गोल राहुल भेकेचा, दुसरा गोव्याच्या लिस्टन कुलासोचा, आणि तिसरा निवृत्तीतून परत बोलावलेल्या, वयाची चाळिशी गाठलेल्या सुनील छेत्रीचा.